पिशवीतलं वय

आमच्या अंगणातलं आंब्याचं झाड किती वर्षांचं, असं कुणी विचारलं की मी हसते आणि विषय बदलते. का, ते सांगते. पण आधी एक सांगून टाकते, की ज्यांच्यासाठी हे सगळं झालं ते आमचे घरधनी आता नाहीत. आधी सांगितलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच त्यांच्या नाडीवर बोट ठेवून बसायचा. ते त्या वर्षीच्या थंडीत गेले, झोपेत, शांत गेले. मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्याचं. त्या झाडाचा आंबा त्यांना खायला मिळाला की नाही, एवढंच.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्या वाडवडलांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते बंद असायचे, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. लग्न होऊन मी माजरीला आले. हे तिथे कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते. खिशाला सदा टेस्टर. घरातला दिवा लावतानासुद्धा आधी टेस्टर लावून बघतील की काय, अशी मला धास्ती. रिटायर झाले तेव्हा आमच्या लेकीला मुलचेरा तालुक्यात सरकारी नर्सची नोकरी लागली आणि आम्ही तिच्यामागे इकडे आलो. पुढे लेक नवऱ्याबरोबर पार इस्राएलला गेली. आम्ही मात्र इथेच राहिलो. जाऊ-जाऊ म्हणत राहिलो. काही माणसं जायचं ठरवतात आणि त्या ठरवण्यातच त्यांचं राहणं होऊन जातं. आमचं तसं झालं.

घर भाड्याचं. घरमालकीण शेजारीच राहते, मधे कुंपणसुद्धा नाही, अंगण एकच. ती इथल्या जंगलातली, गोंड. नवरा नाही, मुलं कामाला चंद्रपूरकडे. मी तिला वयनी म्हणते, ती मला बाई म्हणते आणि यांना भाऊ. शनिवारी मी कामाला हात लावत नाही, म्हणून गावात माझं नाव आपोआप शनवारवाली बाई पडलं. तेलाचा थेंब न गाळता पूर्वजांचं अर्धं नाव मला परत मिळालं, असं हे म्हणायचे.

सुरुवातीला वयनीला आमचं कोडं वाटायचं. हिंदू म्हणावं तर देव दिसत नाही, मुसलमान म्हणावं तर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावतात. दाराच्या चौकटीला डबीसारखं काहीतरी ठोकलेलं, आणि जाता-येता त्याला हात लावून बोटं ओठाला लावतात. एकदा ती बोडीतली मासळी घेऊन आली. बोडी म्हणजे आमच्याकडची भातशेतीची लहान तळी. परातीत सगळी जिवंत, वळवळणारी. मी एकेक उचलून बघू लागले.

"काय पाहून राह्यली बाई? ताजीच हाय."

"खवले पाहते. खवले नसलेली मासळी आम्हाला चालत नाही."

"काऊन?"

"देवाची आज्ञा आहे."

मागूर आणि सिंगी, बिनखवल्याच्या तेवढ्या, वयनीनं आपल्या पदराकडे ओढून घेतल्या. म्हणाली, "चांगला हाय तुमचा देव. जाड मासळी मले ठेवते."

तेव्हापासून वाटणी ठरली. खवल्याची आमची, बिनखवल्याची तिची. कोंबडी-मटणाचा तर प्रश्नच मिटलेला होता, कारण रीतीनं कापणारं इथे कोणी नाही. म्हणून मुंबईला गेलो तर खायचं, एरवी वांगी, शेंगा, मासळी. दूध आणि मांस एकत्र करू नये हा नियम पाळणं मला इथे फार सोपं गेलं. मांसच नाही तर एकत्र काय करणार?

मी शिकलेली चौथीपर्यंत. बाकीचं पुड्याच्या कागदांवरून आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावरून. आमच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एक सगळ्यांच्या घरी असतं ते, आणि दुसरं दर वर्षी कोकणातल्या सिनेगॉगमधून येतं, आपल्या सणांचं. नव्याचा सण कधी, दार फळण्याचा, म्हणजे दारं लावून उपास करायचा, सण कधी, बिरड्याचा रोजा कधी, सगळं त्यात. मी त्या दोन कॅलेंडरांच्या मधे उभी राहून वाचायला शिकले म्हटलं तरी चालेल. नियमांचं ज्ञान मात्र यांच्याकडून. खाणीत रात्रपाळीला सोबत नेलेल्या जाड पुस्तकातून ते वाचायचे आणि सकाळी चहाबरोबर मला सांगायचे. झाडाचा नियम मला असाच एका सकाळी कळला होता, झाड लावायच्या कितीतरी वर्षं आधी.

नियम असा. फळझाड लावलं की पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही. विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, त्याचा काही उपयोगच करायचा नाही. चौथ्या वर्षाचं फळ देवाच्या स्तुतीचं. मग पुढचं आपलं. मी तेव्हा म्हटलं होतं, "आपल्याला काय करायचंय? कोळशाच्या गावात कोण आंबे लावतंय?"

तर झालं काय, की इकडे आल्यावर आम्ही एकदा कोकणात गेलो होतो. यांच्या भावकीत लग्न होतं. येताना वाकडी वाट करून आम्ही तो कातळ पाहायला गेलो, ज्याच्यावर एलियाहू हानबीच्या घोड्याच्या टापेची खूण आहे. हा आमचा संदेष्टा पांढऱ्या घोड्यावरून येतो, असं आम्ही मानतो. घरात चांगलं काही झालं, नवस फिटला, की त्याच्या नावानं मलिदा करतो. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि पाच फळं. हे लहानपणी त्या कातळावर बसून आंबे खायचे. परत निघताना रस्त्यालगत एक नर्सरी लागली आणि यांनी हापूसचं कलम घेतलं. काळ्या पिशवीतलं, गुडघ्याएवढं. गाडीभर ते माझ्या मांडीवर. पिशवीला खालून भोकं होती, नागपूर येईपर्यंत माझं लुगडं ओलं ते ओलंच.

अंगणाच्या मधोमध वयनीनंच जागा दाखवली. ब्लेडनं पिशवी फाडून, मातीचा गोळा न मोडता यांनी ते खड्ड्यात बसवलं. वयनी म्हणाली, "भाऊ, समुद्राचं झाड इथी जगते का?" हे म्हणाले, "मी जगलो की."

दुसऱ्या वर्षीच त्याला मोहोर आला. यांनी स्टुलावर उभं राहून तो सगळा खुडून टाकला. फळ खायचं नाही तर झाडाला उगाच ओझं कशाला, असं म्हणाले. पण खुडताना नाकाजवळ नेत होते. मी खिडकीतून बघत होते.

तिसऱ्या वर्षी मोहोराच्या दिवसांत आम्ही गडचिरोलीच्या दवाखान्यात होतो. यांना दम लागायचा, पाय सुजायचे. हृदय थकलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या लेकीच्याच वयाच्या. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मीठ जपा. बाकी मनाला येईल ते खाऊ द्या." त्या वाक्याचा अर्थ काय असतो, ते नर्सच्या आईला कळतं.

एसटीनं घरी आलो तर झाडाला हिरव्या गोट्या लागलेल्या. मोहोर खुडायला कुणी नव्हतंच. वयनीनं मात्र रोज दोन घागरी पाणी घातलं होतं. हे बाजेवर बसून वर बघत राहिले. मी म्हटलं, "काढून टाकू का?"

"राहू दे," म्हणाले. "दिसतात बऱ्या."

त्या दिवसापासून यांची बाज त्या झाडाखालीच. झाड काही मोठं नव्हतं, सावली जेमतेम छातीपर्यंत पडायची, ऊन सरकलं की बाज सरकवायची. त्या उन्हाळ्याच्या मला दुपारीच दुपारी आठवतात. सगळं गाव जंगलात विडीची तेंदूपानं तोडायला गेलेलं. कुत्रीसुद्धा गप्प. मागच्या सागाच्या जंगलात वाळली पानं पडायची, वारा त्यांना ढकलत न्यायचा, आणि डोळे मिटून ऐकलं की तो समुद्रच. हे डोळे मिटूनच ऐकायचे. मधेच म्हणायचे, "भरती आहे." मी भाजी निवडता निवडता म्हणायची, "हो." नाही कशाला म्हणू? मलाही ऐकू येत होतं.

असंच एकदा जागे झाले आणि म्हणाले, "अगं, सागाखाली घोडा उभा होता. पांढरा."

"कुणाचा?"

"खाली वाकून पाणी पीत होता. तुझ्या बादलीतलं."

मी बादलीकडे बघितलं. कमी झालं होतं खरं. बकरीनं प्यायलं असेल.

मग एका दुपारी, आंबे चांगले मुठीएवढे झाले होते तेव्हा, ते वर बघत सहज बोलल्यासारखं बोलले. "एक फोड खायला मिळाली असती तर बरं झालं असतं." एवढंच. हट्ट नाही, कुरकुर नाही. अख्ख्या संसारात त्या माणसानं मला खाण्याचं काही मागितलं नव्हतं. पुढे घालीन ते खाल्लं. आणि मागितलं ते असं, की जे द्यायला मला मनाई.

बाजारचा हापूस आणून देता आला असता. मी आणलाही, चंद्रपूरहून येणाऱ्या एकाला सांगून. त्यांनी खाल्ला, "छान आहे" म्हणाले, आणि परत वर बघू लागले.

लेकीशी फोन झाला तेव्हा मी तिला सांगितलं. फोनसाठी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जावं लागतं, घरात नेटवर्क नाही. ती म्हणाली, "आई, झाडाचाच काप आणि बाजारातला म्हणून दे. देव समजून घेईल."

"देव समजून घेईल गं. तुझा बाप नाही घेणार. नुसत्या वासावरून कुठली मोटार जळाली ते सांगायचा तो."

"मग हज्जानांना विचार."

हज्जान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात ते. कोकणातले आमचे हज्जान आता वयस्क आहेत, पण फोन स्वतः उचलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर जाऊन त्यांना लावला. सगळं सांगितलं. सांगता सांगता घोड्याचंही सांगितलं.

"झाड लावून किती झालं?" त्यांनी विचारलं.

"तिसरं वर्ष चालू आहे."

"मग नाही चालत, बाई."

"ते मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी फोन केला असता का?"

ते हसले. मग म्हणाले, "कोय पुरली होती की कलम?"

"कलम. पिशवीतलं."

"पिशवीला खाली भोकं होती?"

मला वाटलं म्हाताऱ्याचं लक्ष उडालं. "होती की. माझं लुगडं भिजवलं त्यानं."

"आणि लावताना माती झाडून टाकलीत, का गोळा तसाच ठेवलात?"

"तसाच. हे हात लावू देतात का कुणाला?"

"मग ऐका. मुळं आपल्या मातीसकट हलली, तर झाड नवं धरत नाहीत. भोकं असलेली पिशवी म्हणजे ते जमिनीलाच लागून होतं. त्याचं पिशवीतलं वयही धरायचं. नर्सरीत ते किती दिवस होतं?"

"ते ठाऊक नाही. पण विचारते. त्यांचं कार्ड आहे माझ्या डब्यात. आत्ता लावते फोन."

"थांबा," ते म्हणाले. "विचारू नका."

"म्हणजे?"

"आपण पवित्र देशात राहत असतो, तर नुसती शंका असली तरी फळ सोडावं लागलं असतं. आपण बाहेर राहतो. इथे जे नक्की ठाऊक आहे तेवढंच मना. शंका असेल तर मोकळं. तुम्हाला आत्ता शंका आहे की नाही?"

"आहे."

"मग ती जपा. तुम्ही फोन केलात आणि तो म्हणाला दोन-चार महिने, की संपलं. मग मीही काही करू शकणार नाही. मुद्दाम न विचारता खा, असं जुन्या मोठ्या लोकांनीच सांगून ठेवलंय. चौथं असेल असं धरून स्तुती करून खा म्हणजे झालं."

मी फोन ठेवला आणि पाळीवर बसूनच राहिले. पाण्यावर बगळे. आता तुम्हीच सांगा, मला, जिला एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या सुनेचं माहेर कुठलं हे उतरायच्या आत कळलेलं असतं, तिला देवानं हुकूम काय दिला, तर विचारू नकोस.

घरी येऊन यांना सांगितलं. ते उठून बसले.

"भोकं होती, हे आठवतं ना नक्की?"

"माझं लुगडं विचारा."

"आणि वय नर्सरीत विचारायचं नाही."

"नाही."

"म्हणजे टेस्टर न लावता हात घालायचा," ते म्हणाले. बराच वेळ त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "जन्मात नाही केलं गं."

"मग आता करा."

ते हसले. दम लागेपर्यंत हसले. मी पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं सुटलं एकदाचं, दोन-चार दिवसांत एखादा पाडाला येईल, भाताच्या तणसात घालीन, पिकेल, आणि फोड यांच्या हातावर ठेवीन. मी विळी घासूनसुद्धा ठेवली. तर हे विचारतात काय, "वयनी खाईल ना आपल्याबरोबर?"

"ती कशी खाईल? त्यांचा पंडुम कुठे झालाय?"

पंडुम म्हणजे इथला सण. मरका पंडुम, आंब्याचा. नवा आंबा आधी मातीला आणि पूर्वजांना दाखवतात, गावचा पुजारी पूजा करतो, आणि तोवर जुन्या वळणाची माणसं आंब्याला तोंड लावत नाहीत. जंगलात आंबे पडून सडतील, पण नाही. पुजारी दिवस ठरवतो, आणि त्या वर्षी त्यानं सांगितलं होतं की तेंदूपानाचा हंगाम आटोपल्यावर. सगळं गाव फळीवर, पानं जमा करतात तिथे, पुडके मोजून देण्यात अडकलेलं, माणसं गोळा कशी होणार?

"मग थांबू," हे म्हणाले.

मी विळी खाली ठेवली. "काऊन थांबू? मी तिकडे पाळीवर उन्हात उभं राहून तुमच्यासाठी देवाशी भांडून आले, आणि आता तुम्ही दुसऱ्या देवाची वाट बघणार?"

"अंगण तिचं. आपण दवाखान्यात होतो तेव्हा पाणी तिनं घातलं. तिच्यासमोर बसून चोखू? आत जाऊन दार लावून खाऊ?"

"तुमच्यानं थांबवेल का, ते तरी..." ते वाक्य तिथेच अंगणात राहिलं. त्यांनी ऐकलं होतं.

"बघू," म्हणाले.

संध्याकाळी वयनी पानं देऊन आली, हात काळे झालेले. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे ती तरी समजावेल. ती कमरेवर हात ठेवून बाजेपुढे उभी राहिली.

"भाऊ, तुमच्या देवानं सोडलं ना? मग खा ना. आमचा काऊन धरून बसता?"

"वयनी, तू तुझी मागूर वेगळ्या भांड्यात का शिजवतेस?"

"तुमाले चालत नाई म्हणून. कधी भांडं इकडं-तिकडं झालं तं?"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

वयनीनं माझ्याकडे बघितलं. "बाई, हा माणूस खाणीत वकील होता का?"

झालं, थांबायचं ठरलं. माझे दिवस जाईनात. सकाळी उठले की आधी यांचा श्वास बघायची, मग झाड बघायची, मग पुजाऱ्याच्या घराकडे बघायची. त्यात एका शुक्रवारी, मी दिवा लावून डोळ्यांवर हात धरले न धरले तोच वावधन सुटलं. साग वाकले, कौलं खडखडली. सकाळी बघतो तो आंबे खाली. वर पानांत दोनच लटकलेले, बाकी सगळे अंगणात लोळतायत, पिवळसर, वासाचे. आणि दिवस शनिवार. शब्बाथला पडलेलं फळ उचलायचं नाही. सांगायचंही नाही कुणाला, की बाई तू उचल.

वयनीची बकरी आली.

"बकरी हाकलायला मनाई नाही," हे बाजेवरून म्हणाले. "आंब्याला हात लावू नको फक्त."

मग मी दिवसभर अंगणात उभी. बकरी डावीकडून आली की मी डावीकडे, उजवीकडून आली की उजवीकडे. विश्रांतीच्या दिवशी इतकी कधी थकले नव्हते. हे बघत होते आणि मधूनमधून मला दिशा सांगत होते. वयनी दुपारी आली, माझी तऱ्हा बघितली, काही न विचारता बकरीला कानाला धरून घेऊन गेली आणि खुंट्याला बांधून आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, हे देवाला ठाऊक आहे. आभाळात चांदण्या दिसून शब्बाथ सरेपर्यंत खालचे आंबे तापल्या मातीवर शिजून गेले होते. एक दाबून बघितला तर पाणी झालेलं.

ते दोन उरलेले उतरवून मी तणसात ठेवले. रोज तणस बाजूला करून बघायची, आणि यांना वास येऊ नये म्हणून लगेच झाकायची. पण वास झाकतो का कुठे? रात्री दार लोटलेलं असलं तरी तो बाजेपर्यंत जायचा. हे लांब श्वास घ्यायचे. एक आंबा देठाकडून काळा पडला आणि गेला. मग एकच राहिला, आणि मी पुजाऱ्याच्या घरावरून जाताना त्याला स्पष्टच विचारलं, "भाऊ, कधी?" तो म्हणाला, "पानं सरली बाई. परवा."

पंडुमच्या सकाळी गावाच्या कडेला ढोल वाजू लागला. आम्ही गेलो नाही, यांना चालवत नव्हतं. तिकडे ढोल वाजायचा, थांबायचा, मग नुसतं पाखरांचं ऐकू यायचं, मग परत ढोल. मी पोहे भिजवले. मनातल्या मनात केलेला नवस फिटत होता, मग मलिदा नको? नारळ बंगाली दुकानदाराकडून आणला होता. खोबरं, साखर, वेलची, मनुका. केळं, पेरू, चिकू, खजूर, अशी चार फळं मिळाली. पाचवं ताटलीच्या मधे, अख्खं.

वयनी आली ती नवं लुगडं नेसून, कपाळाला तांदळाचे दाणे चिकटलेले. "सुटला," म्हणाली आणि बाजेशेजारी खाली बसली.

हे बाजेवरच उशीला टेकून बसले. टोपी घातली. एलियाहू हानबीचं गाणं सुरू केलं, पण दोन ओळींत दम संपला. पुढचं मी म्हटलं. माझा आवाज घोगरा, आणि हिब्रू मला पाठ आहे, कळत नाही. वयनी मान हलवत होती, तिलाही कळत नव्हतं. मग फळाचा आशीर्वाद, आणि त्याच्यावर आणखी एक. नवं फळ आलं की म्हणायचा असतो तो. आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस, आणि या वेळेपर्यंत आणलंस, असा त्याचा अर्थ, हे मला यांनीच कधीतरी चहाबरोबर सांगितलेलं. तो मात्र त्यांनी सगळा स्वतः म्हटला. हळू, एकेक शब्द. मी त्या वेळी ताटलीकडे बघत होते.

विळीवर मी आंबा चिरला. पहिली फोड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती तोंडात घातली आणि डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिले. ढोल थांबलेला होता. सागाच्या पानांचा तो आवाज चाललेला. मला धीर निघेना.

"कसा आहे?"

त्यांनी डोळे उघडले. "हापूस नाही राहिला," म्हणाले. "इथला झाला."

वयनीनं आपली फोड चाखली आणि तोंड वाकडं केलं. "आंबट हाय की, बापा. यासाठी एवढं? बाई, मीठ-मिरची आण."

"मला मीठ मना आहे," हे म्हणाले, "पण फोड अजून एक दे." मी दिली. मग कोय पण दिली. ती त्यांनी लहान पोरासारखी मनगटापर्यंत रस येऊ देत चोखली, आणि मग हात तसाच ठेवून बाजेवर आडवे झाले, आणि झोपले. हात धुवायला उठवावं असं आम्हा दोघींना वाटलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर वयनीनं ती कोय कुंपणाच्या जागी, म्हणजे कुंपण असतं तर जिथे असतं तिथे, पुरायला घेतली. हे ओसरीत बसलेले. वयनीनं हातानं खड्डा केला, कोय ठेवली, माती लोटली आणि मला हाक मारली.

"बाई, आज कोणता दिवस हाय गं? ध्यानात ठेवजो. तुमचं वर्ष मोजा लागते ना?"

कोयीचं झाड. त्याला फळ धरायला कितीतरी वर्षं लागतात, तिथे मोजायची पाळीच येणार नाही, हे मला ठाऊक होतं, यांनाही ठाऊक होतं. मी यांच्याकडे बघितलं. ते पावसाकडे बघत होते, पण मिशीत हसत होते.

"मला काय ठाऊक," मी म्हटलं. आत गेले, आणि दोन्ही कॅलेंडरं खिळ्यावरून काढून तोंड भिंतीकडे करून परत टांगली.